नाटक निवडणारे नाट्यगृह

इटलीतल्या सार्वजनिक नाट्यगृहांचा हंगाम आधीच जाहीर होतो आणि प्रेक्षक त्याची वर्गणी भरून ठेवतात. त्यात अठराव्या शतकातला गोल्दोनी असतो, पिरान्देल्लो आणि दारिओ फो असतात, हयात लेखकांची नवी नाटकेही असतात. ही निवड नाट्यगृह स्वतः करते आणि तिची जबाबदारीही घेते. नाटक ही सार्वजनिक सेवा आहे, असे पाओलो ग्रासी आग्रहाने मांडत. युद्धात होरपळलेल्या मिलानमध्ये १९४७ साली त्यांनी आणि जॉर्जो स्ट्रेलर यांनी नगरपालिकेच्या आधाराने ‘पिक्कोलो तेआत्रो’ सुरू केले. त्याच वर्षी तिथे आलेल्या गोल्दोनीच्या ‘दोन धन्यांचा नोकर’मधला आर्लेकिनो पुढे फेरुच्चो सोलेरी यांनी अर्धशतकाहून अधिक काळ रंगवला.

हा विनोदी नोकर आर्लेकिनो आपल्याला परका वाटू नये. त्याच्या परंपरेतले नट फक्त कथानक ठरवून रंगमंचावर येत. कोकणातला दशावतारही तसाच उभा राहतो. कथा ठरलेली, संवाद नटाच्या जिभेवर. तमाशातला सोंगाड्याही याच कुळातला. मात्र तिकडे ही परंपरा जपणे नाट्यगृहाने आपले काम मानले, इकडे ती बरीचशी जत्रेच्या सुपारीवर तगून आहे.

पण अभिजात नाटक जपले म्हणजे हंगाम झाला, असे नाही. मुळशी तालुक्यातल्या ताम्हिणीसारख्या गावातून इटालियन रंगभूमीकडे पाहताना मला सर्वांत जवळचा वाटतो नट मार्को पाओलिनी. १९६३च्या ९ ऑक्टोबरच्या रात्री वायोंत धरणाच्या जलाशयात डोंगराची कड कोसळली. धरण शाबूत राहिले, पण त्यावरून उसळलेल्या लाटेने लाँगारोने गाव धुऊन नेले. सुमारे १९०० माणसे मेली. धोक्याबद्दल आधीच लिहिणाऱ्या तीना मेर्लिन या पत्रकार बाईंवर अफवा पसरवल्याचा खटला झाला होता आणि त्यातून त्या निर्दोष सुटल्या होत्या. पाओलिनीने ही सगळी हकीकत एकट्याने, एका फळ्याच्या साथीने सांगितली. १९९७च्या स्मृतिदिनी धरणाजवळूनच हा प्रयोग सरकारी दूरचित्रवाणीवर थेट दाखवला गेला आणि लाखो लोकांनी तो पाहिला.

मुळशीच्या धरणात असा प्रलय झाला नाही. तिथे घरे, शेते, देवळे जलाशयात बुडाली आणि पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याच्या वीजघराकडे वळले. टाटांच्या या धरणाविरुद्ध मावळ्यांचा सत्याग्रह एप्रिल १९२१मध्ये सुरू झाला. सेनापती बापट तुरुंगात गेले. सत्याग्रह सुरू झाला त्याच्या पुढच्याच महिन्यात रोमच्या तेआत्रो वाल्लेमध्ये पिरान्देल्लोच्या नाटकातली सहा पात्रे आपली अर्धवट सोडलेली गोष्ट कुणीतरी पुरी करावी म्हणून रंगमंचावर आली आणि प्रेक्षकांत गदारोळ झाला. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. पण गोष्ट पुरी सांगितली जावी ही मागणी धरणग्रस्तांचीही आहे, आणि ती ऐकणे हे रंगभूमीचे काम आहे.

हे काम आपल्याकडे कोणी करायचे? महापालिकांची नाट्यगृहे तारखा वाटतात, भाडे घेतात. काय दाखवायचे हे निर्माता ठरवतो, आणि गल्ल्याचा धोका त्याच्या डोक्यावर असल्याने त्याला दोष देता येत नाही. राज्य नाट्य स्पर्धेत हौशी मंडळी जीव ओतून नाटक बसवतात आणि त्यातली कितीतरी नाटके मोजक्या प्रयोगांनंतर थांबतात. त्यांना पुढे न्यायला पैसा लागेल हे खरे; तो रस्त्यांना आणि वाचनालयांनाही लागतो.

पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर १९६८पासून महापालिकेचे आहे. अशा एका नाट्यगृहाने वर्षातले दोन महिने तारखा विकणे थांबवून स्वतःचा हंगाम ठरवावा. त्यात किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ असावे, दशावतार असावा, मराठीतला गोल्दोनी असावा, आणि मुळशीवर नव्याने लिहून घेतलेले एक नाटक असावे. ताम्हिणीकडून पुण्याला येऊन रात्रीचा प्रयोग पाहून परतणे सोपे नाही. म्हणून त्या नाटकाचे पहिले प्रयोग मुळशी तालुक्यातल्या शाळांच्या पटांगणांत व्हावेत, आणि त्यांचा खर्च हंगामाच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरलेला असावा.