चावून खायला उसंत लागते

बोदलकसा हे तिरोडा तालुक्यातलं गाव. भोवती डोंगर आणि जंगल, अन् इंग्रजांच्या काळात बांधलेला मोठा तलाव. तलावाच्या पाण्यावर धान, आणि धानावर माणूस. आमच्याकडे जेवण म्हणजे भात. पोळी ही पाहुणी.

भात मऊ असतो, म्हणून त्याला कोणी चावत नाही. वरणात कालवला की गिळला. आजी मात्र टोकायची, ‘‘हळू खाय न बाबू, भात का पळून चालला? चाव, मंग गोड लागते.’’ पुढं शाळेत कळलं, की आजीचं म्हणणं शास्त्रातही बसतं. लाळेत अमायलेज नावाचं विकर असतं. ते भातातल्या पिष्टाची साखर करायला तोंडातच सुरुवात करतं. न चावता गिळलं, तर ती गोडी जिभेला कळतच नाही. पोट भरल्याची वर्दी मेंदूला पोचायलाही वेळ लागतो. साधारण २० मिनिटं धरतात. घाईनं जेवणारा तोवर दोन घास जास्तच खाऊन बसतो.

तलावातले बारीक मासेही हाच धडा देतात. काटा घाई माफ करत नाही. कितीही बोलका माणूस माशाच्या ताटावर गप्प होतो, बोटांनी चाचपतो, जिभेनं शोधतो. लक्ष देऊन जेवणं म्हणतात ते हेच.

अमेरिकेत होरेस फ्लेचर (१८४९–१९१९) नावाच्या गृहस्थानं घासाचं पाणी होईस्तोवर चावा, असा प्रचारच केला. आपल्याकडंही म्हणतात, दात बत्तीस, तर घास बत्तीस वेळा चावा. सल्ला चांगलाच आहे. पण मला एक गोष्ट टोचते. बत्तीस मोजायला उसंत कोणाला आहे?

रोवणीच्या दिवसांत पाहा. बाई पहाटे उठून सैपाक करते, मग दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे रोवते. दुपारी धुऱ्यावर बसून डबा उघडते, तोच मालकाची हाक येते, ‘‘चला न वो बायांनो, पाणी येऊन राह्यलं.’’ चार घासांत डबा रिकामा. रात्री घरच्या सगळ्यांना वाढून झाल्यावर ती उरलेलं खाते, तेही चुलीपाशी, एक कान हाकेकडं ठेवून. आम्हाला ‘हळू खाय’ म्हणणारी आजीसुद्धा अशीच जेवायची.

कोणी म्हणेल, चावायला पैसे थोडेच पडतात? पैसे पडत नाहीत, वेळ पडतो. आणि घरातला वेळ भातासारखाच असतो, एकानं जास्त घेतला की दुसऱ्याला कमी उरतो. मी बत्तीस वेळा चावत बसलो आणि ती वाढायला ताटकळत उभी राहिली, तर माझ्या संयमाची किंमत तिचं पोट देतं. अशा जेवणात माझं लक्ष घासावर असेल, पण माणसावर नाही.

म्हणून मला वाटतं, भाताचं गंज मधे ठेवावं, ज्यानं त्यानं वाढून घ्यावं आणि सगळ्यांनी एकदम बसावं. बांधीवरच्या बायांनाही अर्धा तास पुरता मिळावा. तेवढ्यानं धान वाळत नाही. मग चावा निवांत. भात तेव्हा सगळ्यांनाच गोड लागेल.