आजीच्या लुगड्याचा प्रश्न

मुंबई-गोवा महामार्गावरून हमरापूर फाट्याला आत वळलं की हमरापूर, तांबडशेत, कळवे, जोहे ही पेण तालुक्यातली गावं लागतात. घराला लागून शेड, शेडमध्ये फळ्यांवर ओळीने गणपती. गाव खरं, कारखाने खरे. पुढे बोलणाऱ्या आत्या आणि भाची मात्र मी योजलेल्या आहेत. हा वाद कितीतरी घरांत होतो. पण खऱ्या माणसांच्या तोंडी घालायचा तर कुणाच्या तरी घरचं भांडण चव्हाट्यावर आणावं लागेल, म्हणून.

अनंत चतुर्दशी उलटली आहे. फळ्या रिकाम्या आहेत. आत्या मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते. नवा हंगाम सुरू व्हायच्या आत तिला एक दुपटं उरकायचं आहे. भाची मुंबईत कॉलेजात इंग्रजी शिकवते. दुसऱ्या खेपेची, सातवा महिना. नको नको म्हणत असताना दिव्याहून मेमूने आली आहे. पडवीत चटई अंथरली आहे. तिच्यावर ट्रंकेतून काढलेलं आजीचं जांभळं इरकली लुगडं आहे आणि आत्याच्या हातात कात्री.

भाची : आत्या, आधी ती कात्री खाली ठेव.

आत्या : ठेवली. बोल.

भाची : आजीचं हे एवढं एकच लुगडं राहिलंय.

आत्या : बाकीची कुठे गेली, ठाऊक आहे ना? तुम्हा भावंडांच्या दुपट्यांत. तू ज्याच्यावर लोळलीस ते तिचं हिरवं. तेव्हा तुझ्या आईने कात्री धरली नव्हती माझी.

भाची : तेव्हा आजी होती.

आत्या : म्हणजे बाई जिवंत असताना तिचं नेसूचं फाडलेलं चालतं आणि गेल्यावर चालत नाही? हा हिशोब उलटा नाही वाटत तुला?

भाची : नाही वाटत. तेव्हा लुगडं फाटलं तरी आजी उरायची. आता हेच उरलंय.

आत्या : बरं. थोरल्याला शिवून दिली ती गोधडी कुठे आहे?

भाची : आहे की. कपाटात, वरच्या खणात. मलमलच्या पिशवीत घालून ठेवलीय.

आत्या : पाच वर्षं?

भाची : खराब होईल अशी भीती वाटली. तो दूध ओकायचा, ओलं करायचा. तू इतके दिवस मान मोडून शिवलेलं...

आत्या : अगं, दुपटं त्यालाच असतं! त्याच्यावर पोराने ओलं करायचं नाही तर काय, सत्यनारायण घालायचा?

(आत्या हसून बोलते आहे, पण लागलेलं आहे. शिवणाऱ्या बायकांना आपलं काम कुणी नावाजलं नाही तर चालतं. वापरलं नाही तर ते मनात राहतं. भाचीच्याही ते लक्षात येतं आणि ती जरा चिडते. अपराधी वाटलं की माणूस चिडतोच.)

भाची : एक विचारू? रागावू नकोस. तू शिवतेस ते नक्की कुणासाठी?

आत्या : म्हणजे?

भाची : माझ्याकडे दोन खोल्या आहेत. बाळाला लागणारं सगळं दुकानात मिळतं. मी मागितलं नव्हतं. तुला शिवताना आनंद होतो, हे दिसतं मला. पण तो आनंद तू इथे जोह्यात घेऊन मोकळी होतेस, आणि माझ्याकडे येते ती जबाबदारी. धुवायची कशी, ठेवायची कुठे, फाटली तर आत्याला काय सांगायचं. विकतच्या ब्लँकेटला मी एवढी घाबरत नाही.

आत्या : आनंद घेते हे खरं आहे. खोटं कशाला बोलू?

भाची : कसला आनंद असतो तो? खरंच विचारतेय.

आत्या : पहिल्या फेऱ्यांना काही नसतं. थर अंथरायचे, चारी कोपऱ्यांवर जड काही ठेवायचं, सुरकुती हाताने बाहेर काढायची, कच्चे टाके घालायचे. कमरेला कळ लागते. मग काठाकाठाने धावदोरा. तिसऱ्या-चौथ्या फेरीला हाताला माप सापडतं. मग मला मोजावं लागत नाही. सुई आपली खाली जाते, वर येते, आणि डाव्या हाताला खालून टोक लागतं तेवढंच कळतं. फेरी आत आत येत जाते. त्या वेळी मी काही मोठा विचार करत नसते. पोराचे पाय कुठवर येतील, बस. कारखान्यात मी डोळे आखते तेव्हा मूर्ती कुणाच्या घरी जाणार ते मला ठाऊक नसतं. इथे ठाऊक असतं. एवढाच फरक, पण हात निराळा चालतो.

भाची : मग झालं तर. तुझं घेणं तू घेतलंस. वस्तू मला द्यायची गरजच काय?

आत्या : कारण दिली नाही तर हात तसा चालणार नाही. कुणाच्याच पायांचा विचार नसेल तर मी गादीवाला बरा.

(भाचीचा प्रश्न उद्धट आहे, पण चुकीचा नाही. हाताने केलेल्या भेटीचं कौतुक करताना आपण नेहमी देणाऱ्याच्या बाजूला बसतो. घेणाऱ्याला ना म्हणायची सोय नसते. विकतची वस्तू बदलून आणता येते, दुसऱ्याला देऊन टाकता येते. आत्याने रात्री जागून घातलेल्या टाक्यांचं काय करणार?)

आत्या : द्रौपदीने कृष्णाच्या बोटाला चिंधी बांधली. सुभद्रा जुनेर शोधत बसली आणि हिने अंगावरचा भरजरी शेला फाडला. तिने विचारलं का, देवा, तुला चिंधी जड तर होणार नाही ना?

भाची : पण आत्या, ती गोष्ट तुझ्याविरुद्ध जाते. त्या एका चिंधीच्या बदल्यात कृष्णाने भर सभेत तिला न संपणारी वस्त्रं पुरवली. चिंधी व्याजासकट फिटली. ती भेट कुठे राहिली? ठेव झाली. मला तेच जड जातं. तू दिलंस की मी काय देऊ, हा हिशोब माझ्या डोक्यात सुरू होतो.

आत्या : बांधताना तिच्या डोक्यात सभा नव्हती.

भाची : तिच्या नसेल. गोष्ट सांगणाऱ्याच्या होती.

(इथे भाची जिंकली, असं माझं मत. पण जिंकल्यावर गप्प बसणं मास्तरांना जमत नाही.)

भाची : आमच्या अभ्यासक्रमात एक कथा आहे. अ‍ॅलिस वॉकर नावाच्या अमेरिकी बाईंची, 1973 मधली. एका काळ्या शेतकरी बाईच्या दोन मुली. थोरली शिकून शहरात गेलेली. ती घरी येते आणि आजीने शिवलेल्या गोधड्या मागते. आजीचे कपडे, पणजोबाच्या लष्करी गणवेशाचा एक तुकडा, सगळं त्यांत आहे. तिला त्या भिंतीवर लावायच्यात. पण आईने त्या धाकटीला लग्नात द्यायच्या कबूल केल्यात. थोरली ओरडते, ही तर त्या रोज वापरेल, पाच वर्षांत चिंध्या करेल.

आत्या : मग कुणाला दिल्या?

भाची : धाकटीला.

आत्या : आणि तू कोण, थोरली?

भाची : शिकवताना मी नेहमी आईच्या बाजूने असते. घरी आले की कपाटाच्या बाजूने.

आत्या : चिंध्या झाल्यावर धाकटी काय करणार होती?

भाची : आई म्हणते, तिला शिवता येतं. ती दुसऱ्या शिवेल.

आत्या : मग तुझी अडचण लुगड्याची नाही, पोरी. तुला शिवता येत नाही, म्हणून तू जपतेस. मला येतं, म्हणून मी फाडायला भीत नाही.

भाची : आणि तुझ्यानंतर? तुझ्या सुनेला येतं? या आळीत कितीजणींना येतं? शिवणारं कुणी नसेल तेव्हा जपणं हा वेडेपणा नाही. गांधीजींनी 1947 मध्ये राजकन्या एलिझाबेथच्या लग्नाला स्वतः कातलेल्या सुताचं विणलेलं वस्त्र पाठवलं. मधोमध ‘जय हिंद’. राजवाड्यातल्या मेरी राणीला ते लंगोटीसारखं वाटलं, ती नाराज झाली. पण एलिझाबेथने ते सत्तर वर्षं जपलं. वापरलं असतं तर आज असतं का?

आत्या : राणीला कपाटं किती असतील! आणि गांधींनी ते जपण्यासाठीच दिलं असेल, मला ठाऊक नाही. मी तुला दिलं ते पोराच्या अंगाखाली घालायला. तुला जे येत नाही त्याची भरपाई आजीच्या लुगड्याने का करायची?

(भाचीला उत्तर सुचत नाही. ती लुगड्याचा काठ बोटांनी चाचपत बसते. आत्या कोपऱ्यातलं गाठोडं ओढते. त्यात साटन, ब्रोकेड, सोनेरी लेस आहे. हल्ली मूर्तींना खऱ्या कापडाचे फेटे आणि धोतरं नेसवतात, त्यांची कातरणं.)

आत्या : हे बघ, पोतंभर कापड आहे घरात. फुकटचं, झळझळीत. याचं दुपटं का होत नाही?

भाची : टोचेल.

आत्या : टोचेलच. शिवाय सुईखाली सरकतं, घाम शोषत नाही. पॉलिस्टरच्या साड्या बायका आणून देतात, आत्या यांची शिव. वीस वर्षं नेसली तरी जशीच्या तशी. जी साडी झिजत नाही ती अंगाला कधी मऊ लागत नाही. सुती लुगडं नेसून, आपटून, उन्हात वाळवून निम्मं जातं, तेव्हा कुठे ते बाळाच्या कामाला येतं. आजीने हे नेसून अर्धं करून ठेवलंय. उरलेलं अर्धं तू कपाटात घालणार.

भाची : प्लास्टरचा गणपती आणि शाडूचा गणपती. तेच सांगतेयस.

आत्या : मी नाही सांगत, तूच म्हणालीस. प्लास्टरवर आमची घरं चालली, मी त्याला नावं ठेवणार नाही. हलकं, स्वस्त, लांबवर न मोडता जातं. पण पाण्यात विरघळत नाही, एवढं खरं.

(हा विषय या गावांत जपून काढावा लागतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 मध्ये पीओपी मूर्तींविरुद्ध सूचना काढल्या. जून 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवायला मुभा दिली, पण नैसर्गिक जलाशयात विसर्जनाला परवानगीची अट ठेवली. मधल्या काळात इथल्या कारखानदारांनी काय काळजीत दिवस काढले ते त्यांनाच ठाऊक. पण वर्षभर जीव ओतून मूर्ती घडवायची आणि ती पाण्यात जाणार हे पहिल्या दिवसापासून धरून चालायचं, ही सवय या हातांना आहे. भाचीचं बालपण याच पडवीत गेलं. तिला ते वेगळं सांगायला नको.

मला या दोघींचं ऐकताना बौद्धांच्या विनयपिटकातल्या चुल्लवग्गातला, बुद्धाचा शिष्य आनंद आठवतो. उदेन राजाच्या राण्यांनी त्याला 500 वस्त्रं दिली. राजा रागावला, भिक्षू कापडाचं दुकान काढणार काय? त्याने आनंदाला गाठून विचारलं. ज्यांची चीवरं विरली आहेत त्या भिक्षूंना वाटू, आनंद म्हणाला. मग विरलेल्यांचं? पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचं? गादीची खोळ. जुन्या खोळींचं? जमिनीवरचं अंथरूण. मग पायपुसणं, मग धूळ झटकायचं फडकं, आणि शेवटी ते कुटून चिखलात मळून त्याने जमीन सारवू. राजा खूश झाला आणि त्याने आणखी 500 वस्त्रं दिली. महावग्गात असंही आहे की भिक्षूंच्या ठिगळांच्या चीवराचा नमुना आनंदाने मगधातल्या बांध घातलेल्या भातशेतांवरून बेतला. पेणच्या खारपट्टीत भात उभं असताना तो नमुना आजही पाहायला मिळतो.

या गोष्टीत मला राजाचा प्रश्न जास्त आवडतो. दिलेल्याचं पुढे काय होणार, हे विचारण्यात त्याला संकोच वाटला नाही. आपल्याकडे देणारा ते विचारत नाही, घेणारा सांगत नाही, आणि गोधडी वरच्या खणात जाते.)

भाची : लुगडं धर बघू उजेडात.

(दोघी दोन टोकं धरतात. मधला भाग इतका विरळ झाला आहे की पलीकडचं अंगण दिसतं. काठ मात्र घट्ट आहे. पदर जरतारी नसला तरी चकाकता, आणि घडीवर कडक झालेला.)

आत्या : मधलं अंगाकडून घेते, ते सायीसारखं झालंय. काठ वरून, चारी बाजूंनी. पदर बाळाच्या कातडीला लागू द्यायचा नाही, तो आत थराला घालते.

भाची : आत? मग तो दिसणारच नाही.

आत्या : कुणाला दिसायला हवाय?

भाची : ...मला.

आत्या : मग तेवढा काढून देते. तो ने तू, कपाटात ठेव. एवढं कपाट मीही देते तुला.

भाची : नको. आत घाल. पण मला दाखवून घाल; कुठल्या कोपऱ्याला आहे ते कळलं पाहिजे.

आत्या : घालते. आणि खरं सांग, ही रोज वापरशील?

भाची : वापरेन.

आत्या : धुशील कशी? हाताने?

भाची : आत्या, मी नोकरी करते. मशीनमध्येच टाकणार.

आत्या : मशीन फार पिळतं?

भाची : पिळतं.

आत्या : मग लांब टाके घालून भागायचं नाही. धावदोरा जवळ जवळ घ्यावा लागेल आणि दोरा दुहेरी. चार दिवस जास्त जातील. ते कोपऱ्यावरचं वजन सरकव इकडे.