रेंगाळवण्याचं काम

डेट्रॉइटच्या परिसरातली अ‍ॅशची झाडं का वाळताहेत, याचा छडा 2002 साली लागला. गुन्हेगार तिथे नव्वदच्या दशकापासूनच मुक्कामाला होता. पाचूसारखा हिरवा, जेमतेम सेंटिमीटरभराचा हा भुंगेरा मूळचा ईशान्य आशियातला. मालाच्या लाकडी खोक्यांतून अमेरिकेत उतरला असावा. त्याची अळी सालीखाली नागमोडी बोगदे कोरते आणि पानांतलं अन्न खाली नेणारा थरच तोडते. शेंडा विरळ दिसू लागतो, तोवर आत बरंच काही उरकलेलं असतं.

त्यामुळे पाळत ठेवणं अवघड. जांभळे-हिरवे चिकट सापळे टांगतात, पण भुंगेरे थोडे असताना ते हमखास सापडतातच असं नाही. दुसरा उपाय निर्दय आहे. वसंतात एखाद्या अ‍ॅशच्या बुंध्याची साल कड्यासारखी सोलायची, जखमी झाडाकडे माद्या ओढल्या जातात. पानगळीत ते झाड पाडायचं आणि साल काढून अळ्या शोधायच्या. त्यामानाने तिथलीच एक गांधीलमाशी हेच काम फुकट करते. ती भुंगेरे पकडून वाळूतल्या बिळात नेते, आणि बिळं बहुधा बेसबॉलच्या मैदानांवर असतात. स्वयंसेवक तिथे जाळी घेऊन बसतात, ती काय घेऊन आली ते पाहतात. (बेसबॉलच्या बॅटीही परंपरेने अ‍ॅशच्याच!)

कीड समूळ रोखण्याचे प्रयत्न फसले. ऑन्टारियोत दहा किलोमीटर रुंदीचा पट्टा अ‍ॅशमुक्त केला, तरी ती पलीकडे निघालीच. भुंगेरा स्वतः फार दूर उडत नाही. लांबचा प्रवास माणसं घडवतात, सहलीला नेलेल्या जळाऊ लाकडातून. अमेरिकेतली लाकूड-वाहतुकीवरची केंद्रीय बंदी 2021 मध्ये उठली. अनेकांना ती शरणागती वाटली. मला नाही वाटत. चीनमधून आणलेल्या परजीवी गांधीलमाश्या 2007 पासून सोडल्या जाताहेत. त्यांना रुजायला वर्षं लागतात. तगून राहिलेल्या झाडांपासून प्रतिकारक्षम वाण काढायलाही. ही वर्षं हाती यावीत म्हणूनच प्रसार मंदावायचा. पण न मेलेल्या झाडाची बातमी होत नाही, म्हणून या कामाला पैसा मागणं कठीण जातं.

आणि मिळालेला वेळही सारखा वाटला जात नाही. दर दोन-तीन वर्षांनी बुंध्यात कीटकनाशक टोचून शहरातली सावली वाचवता येते. दलदलीतल्या काळ्या अ‍ॅशला कोण टोचणार? त्याच्याच पट्ट्यांच्या टोपल्या विणणारे मूलनिवासी समाज आता जमेल तिथून बी गोळा करून साठवताहेत.