वाचलेले पाणी कोणाचे?

बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या मदतीने २०२४ मध्ये उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग सुरू केला. जमिनीतले सेन्सर आणि उपग्रहाची छायाचित्रे यांवरून उसाला पाणी कधी, किती द्यावे, हे शेतकऱ्याला मोबाइलवर समजते. आम्हा कळसकरांना ही बातमी शेजारघरचीच. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही तर पैगंबरांची (स.) शिकवण. पण वाचलेले पाणी कोणाचे, हे यंत्र सांगत नाही. त्यावर आपण आणखी एकरभर ऊस लावला, तर बचत कसली? नीरा डाव्या कालव्याच्या टेलवरचा शेतकरी कोरडाच राहील. पाणी ही अल्लाहची अमानत आहे. तिचा जाब यंत्राला नव्हे, आपल्याला द्यायचा आहे.