चषकांच्या शेजारी

क्रीडासंघाचे संग्रहालय हे बहुधा विजयाचे देवघर असते. संघाने जे आपले मानले, तेच तेथे मांडले जाते. स्त्रियांच्या फुटबॉलचा इतिहास तेथे आणावयाचा म्हटला की प्रश्न केवळ जागेचा राहत नाही. ज्यांना दाराबाहेर ठेवले, त्यांच्या स्मृती त्याच घराने कोणत्या अधिकाराने जपाव्यात?

इंग्लंडमधील प्रेस्टन येथे डिक, कर कंपनीच्या कारखान्यात पहिल्या महायुद्धाच्या काळात दारूगोळा तयार करणाऱ्या स्त्रियांनी संघ काढला. १९१७ च्या नाताळात प्रेस्टन नॉर्थ एंड या पुरुषांच्या संघाच्या डीपडेल मैदानावर, जखमी सैनिकांच्या मदतीसाठी, त्या खेळल्या. दहा हजार प्रेक्षक आले. डिसेंबर १९२० मध्ये लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा खेळ पाहावयास सुमारे ५३ हजार लोक होते. वर्षभरात, ५ डिसेंबर १९२१ रोजी, फुटबॉल असोसिएशनने आपल्या सदस्य संघांना स्त्रियांस मैदाने न देण्याविषयी कळविले. भाषा विनंतीची होती. परिणाम बंदीचा झाला. डिक, करचा संघ मिळेल त्या मैदानावर खेळत राहिला आणि १९६५ मध्ये विसर्जित झाला. बंदी उठली ती १९७१ च्या सुमारास.

राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालय २००१ मध्ये उघडले, तेही डीपडेललाच. पुढल्या वर्षी त्याच्या सन्मानदालनात पहिली स्त्री म्हणून लिली पार यांचे नाव आले. त्यांना जाऊन तेव्हा चोवीस वर्षे झाली होती.

आजच्या विश्वस्तांनी १९२१ चा ठराव केलेला नाही, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. पण प्रेस्टनने १८८९ मध्ये जिंकलेले पहिले लीग विजेतेपदही आजच्या कोणी मिळविलेले नाही. त्याचा अभिमान मात्र वारशाने चालतो. मग बंद फाटक तेवढे वारशातून कसे वगळावे? स्त्रियांचा एखादा गणवेश काचेआड ठेवून, शेजारी तो ठराव न ठेवणारे संग्रहालय असेच सुचविते की स्त्रिया या खेळात जरा उशिरा आल्या.

आणखी एक गोष्ट राहते. संघांनी ज्यांचे कागद जपले नाहीत, त्यांची छायाचित्रे आणि पदके घरच्या माणसांनी जपली. ती आता मागावयास जाणाऱ्या संग्रहालयाने, घरच्यांची संमती असल्यास, खेळाडूच्या नावाखाली ती ठेव सांभाळणाऱ्या लेकीचे किंवा भाचीचे नावही लिहावे.