परसातली हिंसा

घरामागच्या दोन-चार वाफ्यांत मेथी, अळू, वाल लावले की आपलं ताट सात्त्विक झालं, असं समाधान अनेकजण मानतात. मला ते घाईचं वाटतं. बी पेरण्याआधीच कुदळीखाली गांडुळं तुटतात, खुरप्याखाली तण जातं, वालाच्या शेंड्यावरचा मावा बोटांनी चिरडावा लागतो. निंबोळी अर्क तर घरचाच म्हणून निर्धास्त फवारला जातो. पण त्यातलं अझाडिरेक्टिन अळीची भूक मारतं, तिला कात टाकू देत नाही, आणि ती अर्धवट वाढीतच मरते. सावता माळ्यांना अरणच्या मळ्यात विठ्ठल भेटला, हे वारकऱ्यांना सांगायला नको. त्या मळ्यालाही खुरपणी काही चुकली नसणार.

महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला हेच ऐकवतो: नांगर जमिनीतले असंख्य जीव मारतो, धान्याचा दाणाही सजीवच, अजिबात हिंसा न करता जगणारा कोणी नाही. बोलणारा स्वतः मांसविक्रेता, तेव्हा तो आपल्या धंद्याची वकिली करतोय, अशी शंका कोणी घेईल. पण मांसाला कधीच थारा न देणारे जैन आचार्यही गृहस्थापुरतं असंच काहीसं मान्य करतात. चूल, शेती, घरकाम यांतली हिंसा त्याला पुरती टळत नाही. हेतुपूर्वक केलेली संकल्पी हिंसा मात्र त्याने सोडलीच पाहिजे. एरवी एकमेकांशी न पटणारी दोन माणसं एकच कबुली देतात, तेव्हा ती खरी धरायला हरकत नाही.

मग भाजी मंडईतूनच आणावी, निदान आपला हात तरी निर्मळ राहील? ही पळवाटही जैन विचाराने केव्हाच बुजवली आहे: स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि नुसतं अनुमोदलेलं, तिन्हींचं कर्म चिकटतंच. मनुस्मृतीही मांसाच्या बाबतीत विकत घेणारा, रांधणारा आणि खाणारा यांना मारणाऱ्याच्याच पंक्तीला बसवते. एकही भोक नसलेला फ्लॉवर आपण निवडून घेतो, तेव्हा शेतातल्या फवारणीला आपली संमती असतेच. फक्त ती आपल्याला दिसत नाही.

वनस्पतीला वेदना कुठे होतात, असंही विचारलं जातं. जगदीशचंद्र बोसांच्या यंत्रांनी झाडांचा प्रतिसाद मोजून दाखवला. पण प्रतिसाद म्हणजे दुःख नव्हे, आणि झाडाला मज्जासंस्था नसते. हा आक्षेप मी बऱ्याच अंशी मान्य करतो. जैनही वनस्पतीला एकेंद्रिय मानून जीवांची उतरंड राखतातच. अळीच्या बाबतीत मात्र इतकं निश्चिंत राहता येत नाही.

खरा अवघड प्रश्न वेगळाच आहे: बघून मारली काय, न बघता मारली काय, अळीला काय फरक पडतो? त्या अळीला काहीच नाही. फरक पडतो तो बाकीच्यांना, कारण बघणाऱ्याला निवड करता येते. अळूची बाहेरची पानं देठाशी कापली तर कंद पुन्हा फुटतो. कढीपत्त्यावरची पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी पुढे हिरवी होते आणि तिचं फुलपाखरू होतं. झाड मोठं असेल तर चार फांद्या तिला सोडल्याने फोडणीचं काही अडत नाही. मावा दिसला की अर्काची बाटली उचलण्याआधी पान उलटून बघावं. उभ्या पिवळ्या अंड्यांचा पुंजका असेल तर तो बहुधा ढालकिड्याचा. त्याची पिल्लं मावाच खातात, आणि फवारणी आठवडाभर सहज लांबवता येते.