मनुष्य मुक्त केव्हा होतो?

१ जानेवारी १८६३ रोजी राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी अमेरिकेतील बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त झाल्याचे घोषित केले. टेक्सासमधील सुमारे अडीच लाख गुलामांपर्यंत ती मुक्ती पोहोचायला अडीच वर्षे लागली. अनेक मालकांना घोषणा ठाऊक होती, पण ती अमलात आणणारे सैन्य तेथे नव्हते. १९ जून १८६५ रोजी गॅल्व्हेस्टन येथे जनरल ग्रेंजर यांचा हुकूम जाहीर झाला. तोच दिवस आज ‘जूनटीन्थ’ म्हणून साजरा होतो.

त्या हुकमात मालक व गुलाम यांच्यात संपूर्ण समता असल्याचे म्हटले होते. त्याच कागदावर पुढे उपदेश होता की, मुक्त झालेल्यांनी आहेत तेथेच शांतपणे राहावे आणि मजुरीवर काम करावे. बेडी गेली, शेत तेच, मालकही तोच! मग मनुष्य मुक्त केव्हा होतो? हुकूम वाचल्यावर, की सोबतीने राबणाऱ्याने त्याला आपला मानल्यावर?

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदीत पूर्वी रोज सकाळी मुकादम घोळक्यातून मर्जीतली माणसे निवडत असे. कामगार संघटनेने कृष्णवर्णीयांना जवळजवळ बाहेरच ठेवले होते. म्हणून संप झाला की मालक त्यांनाच कामावर आणीत आणि गोरे कामगार त्यांना संपफोडे ठरवीत. ज्याला आपण दाराबाहेर ठेवले, त्याने आपल्या लढ्यासाठी उपाशी राहावे, ही अपेक्षा कोणत्या न्यायात बसते?

१९३४ च्या संपात हॅरी ब्रिजेस या नेत्याने कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये जाऊन पाठिंबा मागितला आणि संघटनेत बरोबरीचे स्थान देण्याचे वचन दिले. कोणी याला स्वार्थ म्हणेल. असेलही, संप जिंकायचा होता. पण ज्यांना लोटले त्यांच्याच दारी मागायला जाणे अहंकाराला सोपे नसते.

संप ८३ दिवस चालला. ५ जुलैला पोलिसांच्या गोळीबारात दोघे मृत्युमुखी पडले. पुढे कामवाटपावर संघटनेचा ताबा आला आणि नियम रूढ झाला: ज्याचे कामाचे तास सर्वांत कमी, त्याला काम आधी. सर्वांभूती समभाव ओठांवर आणणे सोपे, रोजगार वाटताना तो पाळणे कठीण. याच संघटनेच्या पोर्टलंड शाखेने कृष्णवर्णीयांना त्यानंतरही अनेक वर्षे दूर ठेवले, हेही विसरता येत नाही.

१९ जून २०२० रोजी, जॉर्ज फ्लॉईड यांच्या मृत्यूनंतर, या गोदी कामगारांनी पश्चिम किनाऱ्यावरची २९ बंदरे ८ तास बंद ठेवली. ऑकलंडच्या बंदरातून त्या दिवशी हजारो लोक, सर्व वर्णांचे, एकत्र चालत शहरात गेले.